घासण्याआधी वाचा

(जुन्या शस्त्रांचे संग्राहक व अभ्यासक यांच्या कर्नाळा येथील संमेलनात केलेले स्वागताध्यक्षीय भाषण)





समोर दिसतोय तो कर्नाळा किल्ल्याचा अंगठा, म्हणजे सुळका. 1968 पासून हे पक्ष्यांचे अभयारण्य आहे, म्हणून दुर्बिणी घेऊन येणारी माणसे इथे नवी नाहीत. भिंग घेऊन येणारी मात्र तुम्ही पहिलीच असाल. तरी शस्त्रांचा विचार करायला याहून योग्य जागा सापडणे कठीण. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कर्नाळा होता. 1818 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. पायथ्याशी शिरढोण आहे, वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. 1878 साली इंग्रजांनी शस्त्रकायदा आणला, हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. पुढच्याच वर्षी याच शिरढोणच्या माणसाने रामोशी, कोळी, धनगर जमवून बंड उभारले.

आता या संमेलनाच्या विषयाकडे येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातली जर्मन लष्करी पिस्तुले आणि त्यांच्या घडणीतले फरक हा विषय ठरला, तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारले, ‘आपला त्यांच्याशी काय संबंध?’ प्रश्न रास्त होता. उत्तर याच रस्त्यावर आहे. हा मुंबई-गोवा महामार्ग धरून दक्षिणेला गेलात की माणगाव लागते. त्या तालुक्यातल्या पळसगावचे नायक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले. गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक उलटी धरून तिच्या दस्त्याने ते लढले. ठाणे घेतले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जर्मन हत्यारांची ओळख आपल्या माणसांना पुस्तकातून झालेली नाही.

त्या काळातले जर्मनांचे मुख्य पिस्तूल म्हणजे पी-38. वाल्थर, माउझर आणि स्प्रीवेर्क असे तीन कारखाने ते बनवत, आणि शत्रूला कारखाना कळू नये म्हणून नावाऐवजी सांकेतिक अक्षरे ठोकत. वाल्थरची अक्षरे ‘एसी’. माउझरची ‘बीवायएफ’, 1945 मध्ये ती बदलून ‘एसव्हीडब्ल्यू’ झाली. स्प्रीवेर्कची ‘सीवायक्यू’. लपवण्यासाठी मारलेली हीच अक्षरे आज सगळे सांगून टाकतात. सुरुवातीच्या पिस्तुलांचा पृष्ठभाग आरशासारखा घोटलेला असे. युद्ध हाताबाहेर जाऊ लागले तसा हा घोट गेला. कानशीचे आणि यंत्राचे ओरखडे तसेच राहू लागले. स्प्रीवेर्कच्या शेवटच्या काही पिस्तुलांवर ‘वाय’ अक्षर ‘व्ही’सारखे दिसते. कारण साधे आहे. ठशातल्या अक्षराची शेपटी तुटली, आणि नवा ठसा करायला कोणी थांबले नाही. एप्रिल 1945 मध्ये फ्रेंचांनी ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना घेतला आणि उरलेल्या भागांतून स्वतःसाठी पिस्तुले जुळवून घेतली. तुटक्या शेपटीचे ते एक अक्षर एका राजवटीची अखेर सांगते. आणि हेही विसरू नये की न्यूएनगामेच्या छळछावणीतले कैदी वाल्थरच्या कामाला जुंपलेले होते. ओरखडा पाहताना तो कुणाच्या हातून उमटला असेल, हेही मनात आले पाहिजे.

ही पिस्तुले आपल्यापैकी कोणाच्या कपाटात नाहीत आणि नसावीत. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते. त्यामुळे आपला अभ्यास संग्रहालयांतून, छायाचित्रांतून आणि ग्रंथांतून चालतो. मला यात कमीपणा वाटत नाही. वस्तू आपली नसली की माणूस तिच्या किमतीकडे कमी आणि खुणांकडे जास्त बघतो.

खूण किती बोलते याचा दाखला आपल्या इतिहासातही आहे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली. त्यांतल्याच एकाने 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. बेल्जियममध्ये तयार झालेल्या त्या पिस्तुलाचा माग शेवटी लंडनपर्यंत गेला. हत्याराचे मूळ शोधणे आपल्यासाठी छंद आहे, त्या तरुणांसाठी तो जन्ममरणाचा प्रश्न होता.

आणखी मागे जाऊ. आपण ज्या तलवारीला फिरंग म्हणतो, तिचे पाते युरोपातून यायचे, मूठ इथे बसायची. त्यांतली कितीतरी पाती जर्मनीतल्या झोलिंगेनची होती. काहींवर पळता लांडगा कोरलेला असतो, काहींवर विळ्यांची जोडी. यांतली फसवणूकही जुनीच. झोलिंगेनचे कारागीर बिनदिक्कत इटालियन कारागिराचे नाव ठोकत, आणि आपले लोहार विळ्यांची नक्कल करत. म्हणून नुसती खूण वाचून भागत नाही. पात्याची जाडी, पन्हळ, मुठीशी केलेला जोड हे सगळे एकत्र वाचावे लागते. पी-38 च्या अभ्यासकाची पद्धत याहून वेगळी नाही. नळी, स्लाइड आणि सांगाडा यांवरचे क्रमांक जुळतात का, हे तो आधी पाहतो, नावाला मागून भुलतो.

मित्रहो, इथेच माझ्या मनातली खंत सांगतो. माझ्या आजोळी एक तलवार होती. दर खंडेनवमीला मामा ती चिंच लावून, विटकरीच्या भुकटीने लखलखीत घासत. लहानपणी मुठीजवळ मला एक चिन्ह दिसायचे, काय ते कळायचे नाही. कळायचे वय झाले तेव्हा ते चिन्ह उरले नव्हते. मामांनी भक्तीनेच घासले होते, पण त्या पात्याचे गाव आम्ही कायमचे पुसून टाकले. अशी घरे महाराष्ट्रात हजारो असतील.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने एकच मागणे मागतो. इथून परत जाल तेव्हा आपल्या गावातल्या दहा घरांत जा. देव्हाऱ्याशेजारची तलवार, माळ्यावरची कट्यार बघा. मुठीजवळच्या खुणेचा फोटो काढा, पात्याची लांबी मोजा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली हकिकत तारखेसह लिहून ठेवा. जुने बंदुकीचे हत्यार निघाले तर लपवू नका, कायदा विचारून घ्या. वापरता न येणाऱ्या पुराण्या हत्यारांना 1959 च्या शस्त्रकायद्यात सवलत आहे, पण आपले हत्यार त्यात बसते की नाही, हे आपण परस्पर ठरवायचे नसते.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर पोटात घाला. रात्री पोपटीचा बेत आहे, वालाच्या शेंगा आमच्याच मातीतल्या आहेत. आपण आलात, कर्नाळ्याला आनंद झाला. येत्या खंडेनवमीला हातात चिंच घेण्याआधी भिंग घ्या, एवढे सांगून मी थांबतो.