‘अ’ की ‘ॲन’? कानाला विचारा



बी.ए. होऊन मी एका कार्यालयात कारकून म्हणून लागलो, त्याला तीस वर्षे होत आली. पहिल्याच महिन्यात एक इंग्रजी पत्र टाइप करून साहेबांपुढे ठेवले. त्यात एका आमदाराचा उल्लेख होता. मी लिहिले होते, ‘अ एम.एल.ए.’. साहेबांनी लाल शाईने ‘अ’चा ‘ॲन’ केला आणि सगळ्यांसमोर विचारले, “बी.ए. उर्दूतून केलंत का?” मी केले होते मराठी घेऊन. काहीजण हसले. चूक माझीच होती. पण ती का चूक, हे मात्र साहेबांनी सांगितले नाही.

शाळेत आपण घोकलेले असते : ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर, त्यांच्याआधी ‘ॲन’, बाकीच्यांआधी ‘अ’. एम तर व्यंजन. मग चुकले कुठे?

चुकले ते डोळ्यांवर विसंबल्यामुळे. हा नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. एम हे व्यंजन खरे, पण त्याचे नाव घेताना तोंडातून आधी ‘ए’ निघतो. एफ, एच, एल, एम, एन, आर, एस, एक्स या आठही व्यंजनांची नावे अशी स्वराने सुरू होतात. म्हणून ‘ॲन एफ.आय.आर.’, ‘ॲन एक्स-रे’. नुसती बस असेल तर ‘अ बस’. पण आपली लाल गाडी ‘ॲन एस.टी. बस’! उलट यू हा स्वर, पण त्याच्या नावाची सुरुवात ‘य’ने. म्हणून ‘अ यू.एन. रिपोर्ट’.

लघुरूप उलगडले की नियमही फिरतो. ‘ॲन एम.पी.’, पण ‘अ मेंबर ऑफ पार्लमेंट’. अक्षरे सुटी न वाचता सलग शब्द म्हणून वाचली, तर त्या शब्दाचा उच्चार पाहायचा : ‘ॲन एन.जी.ओ.’, पण ‘अ नासा सायंटिस्ट’.

आपल्याला एक सोय आहे. लघुरूप देवनागरीत लिहून पाहा. पहिलेच अक्षर स्वर आले, तर ‘ॲन’. एम.एल.ए.मध्ये ‘ए’ दिसतो, यू.एन.मध्ये ‘य’ दिसतो. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, तिचा हा फायदा.

मुळात ‘ॲन’ हाच थोरला. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दातून आला. व्यंजनाआधी त्यातला ‘न’ पुढे गळाला. या ‘न’ने खुद्द इंग्रजांनाही फसवले आहे. ‘एप्रन’ हा शब्द पूर्वी ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ म्हणता म्हणता लोकांनी ‘ॲन एप्रन’ ऐकले, आणि तेच शुद्ध ठरले. त्यांच्या चुकीवर कोणी लाल शाई ओतली नाही!

आमच्या घरात हा कानाचा कायदा फार जुना आहे. अरबीतले ‘अल्’ हे उपपद पुढच्या ध्वनीप्रमाणे बदलते. ‘अब्दुल करीम’मध्ये ‘ल’ टिकतो. ‘नूरुद्दीन’मध्ये तो पुढच्या ‘द’मध्ये विरतो. अरबीत लिहिताना ‘ल’ असतोच, फक्त बोलत नाहीत. अठ्ठावीस अक्षरांपैकी चौदा त्याला असे गिळतात. माझी अम्मी अंगठा उठवायची. पण तिच्या तोंडून ‘नूरुल्दीन’ कधी निघाले नाही.

कानही सर्वांचे सारखे नसतात. आयर्लंडमध्ये आणि आपल्या दक्षिणेत पुष्कळजण ‘एच’ला ‘हेच’ म्हणतात. त्यांच्या उच्चाराला ‘अ’च शोभतो.

गेल्या वर्षी आमच्या टेबलावर एक नवी मुलगी आली. तिच्या मसुद्यात ‘अ एफ.आय.आर.’ होते. माझा हात पेनाकडे गेला होता. मग म्हटले, “बेटा, जरा मोठ्याने वाच.” तिने वाचले, अडखळली, आणि स्वतःच दुरुस्त केले.