तक्रारीची खिडकी

कल्याण स्टेशनांत सकाळच्या घाईंत आरक्षणाच्या खिडकीपुढें लोकलचें तिकीट काढावयास उभा राहिलेला एखादा परगांवचा मनुष्य आपण पाहिला असेल. बिचारा निमूटपणें रांगेंतून पुढें सरकतो, खिडकीशीं पोंचतो, आणि आंतला कारकून त्याला सांगतो, "ही खिडकी नव्हे." तोंपर्यंत त्याची गाडी गेलेली असते. त्यानें पैसे बरोबर आणलेले असतात, रांगही मोडलेली नसते. चूक एवढीच कीं, कोणत्या कामाला कोणती खिडकी हें त्यानें आधीं विचारलेलें नसतें.

ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील घराघरांत नको असलेल्या फोनांनीं आणि संदेशांनीं आज जो उच्छाद मांडला आहे, त्याविषयीं तक्रार करणाऱ्यांची गत पुष्कळदां अशीच होते. "तक्रार करून कांहीं होत नाहीं," असें एखादा गृहस्थ उद्वेगानें म्हणतो. ती कोठें केली असें विचारावें, तर तो सांगतो: नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर, किंवा पैसे गेल्यानंतर तीन दिवसांनीं, मुलगा पुण्याहून आल्यावर, पोलीस ठाण्यांत. श्रोतेहो, या तक्रारीच्या खिडक्या तीन आहेत, आणि त्यांपैकीं कोणती आपली, हें आधींच माहीत असावयास हवें. प्रसंग आल्यावर विचारावयास वेळ राहत नाहीं.

प्रथम उपद्रवाची जात ओळखूं या. दुपारीं जेवण आटोपून जरा पाठ टेकावी, तोंच फोन वाजतो आणि पलीकडून गोड आवाज येतो, "साहेब, घोडबंदर रस्त्यावर फ्लॅट पाहतां कां?" कधीं कर्ज, कधीं विमा, कधीं शेअरांचा सल्ला. हा मनुष्य आपली झोंप मोडतो, पण तो खोटेंच बोलतो असें नाहीं. ही झाली व्यापाऱ्याची आगळीक. दुसरा एक संदेश येतो, कीं आपलें वीजबिल थकलें आहे, आज रात्रीं वीज तोडली जाईल, ताबडतोब अमुक क्रमांकावर बोला. हा व्यापारी नव्हे, हा सावज हेरणारा भामटा आहे. मात्र अद्याप त्याचा हात आपल्या खिशांत गेलेला नाहीं. तिसरा प्रकार म्हणजे तो हात खिशांत जाऊन परतही आलेला असणें. आगळीक, फसविण्याचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष चोरी, या तिहींची खिडकी वेगवेगळी आहे.

व्यापाऱ्याच्या आगळिकीसाठीं १९०९ हा क्रमांक आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, असे फोन नको असणाऱ्यांच्या राष्ट्रीय यादीचे नियम प्रथम २००७ सालीं केले. २०१० आणि २०१८ सालीं नवे नियम आले, आणि १२ फेब्रुवारी २०२५ रोजीं त्यांत महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. १९०९ वर फोन करून किंवा संदेश पाठवून, अथवा ट्रायच्या डीएनडी ॲपमधून, आपली नापसंती नोंदवितां येते आणि तक्रारही करितां येते. तक्रारींत फोन करणाऱ्याचा क्रमांक किंवा संदेश पाठविणाऱ्याचें नांव, तारीख आणि मजकूर, एवढें हवें. म्हणून संदेश रागानें पुसून टाकूं नये. पूर्वीं तीन दिवसांच्या आंत तक्रार करावी लागे. आतां सात दिवसांची मुदत आहे. साध्या दहा आंकडी क्रमांकावरून नोंदणीवांचून धंदा करणाऱ्याविरुद्ध तक्रार करावयाची तर आपली नापसंती आधीं नोंदलेली असलीच पाहिजे, अशी अटही आतां राहिलेली नाहीं.

या नियमांत एक लहानसा हिशेब आहे, आणि माझ्या मतें आजच्या विषयाचें मर्म त्यांतच आहे. अशा विक्रेत्याविरुद्ध पूर्वीं सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाईचा विचार होई. आतां दहा दिवसांत पांच तक्रारी पुरतात. पहिल्या वेळीं त्याचे बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद होतात. पुन्हां तोच अपराध केल्यास सर्व कंपन्यांकडील त्याच्या जोडण्या वर्षभर तोडल्या जातात. आतां डोंबिवलींतील एखादी वीस बिऱ्हाडांची इमारत डोळ्यांपुढें आणा. एकाच विक्रेत्याचा फोन आठवड्यांत विसांच्या घरीं येतो. वीसही जण त्याच्यावर चडफडतात आणि तो क्रमांक ब्लॉक करून टाकतात. तक्रारींचा आंकडा मात्र शून्यच राहतो! ब्लॉक केल्यानें माझें दार लागतें, पण शेजाऱ्याचें उघडेंच राहतें. आणि त्या शेजारच्या दारांत कदाचित् एकट्या राहणाऱ्या आजीबाई असतात. विसांतील पांचांनीं दोन दोन मिनिटें खर्चिलीं असतीं तर काम झालें असतें. ब्लॉक अवश्य करावें, परंतु तक्रारीनंतर.

दुसरी खिडकी 'चक्षु' नांवाची. केंद्रीय दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर ती ४ मार्च २०२४ रोजीं उघडण्यांत आली, आणि जानेवारी २०२५ पासून संचार साथीचें ॲपही मिळूं लागलें. ज्या फोनाचा वा संदेशाचा हेतु फसविण्याचा आहे असा संशय येतो, पण पैसे गेलेले नाहींत, त्याची खबर तीस दिवसांच्या आंत येथें द्यावी. मग त्या क्रमांकाची फेरतपासणी होते, आणि तो खोट्या कागदांवर घेतलेला ठरल्यास बंद केला जातो. वीज तोडण्याची धमकी येथली. महावितरण खाजगी मोबाईल क्रमांकांवरून असे संदेश पाठवीत नाहीं, हें तिनें वेळोवेळीं जाहीर केलेलें आहे. "आपल्या नांवाच्या पार्सलांत अंमली पदार्थ सांपडले, आपणांस डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलूं नका," असें दरडावणारा तोतया अधिकारीही येथलाच. अशी अटक कोणत्याही कायद्यांत नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं 'मन की बात' मध्यें रेडिओवरूनच याविषयीं देशाला सावध केलें होतें. नवलाची गोष्ट अशी कीं, भामटे ट्रायचेंही सोंग घेतात: "दोन तासांत आपला फोन बंद होईल, नऊचा आंकडा दाबा." ट्राय कोणाचा फोन बंद करण्यासाठीं असे फोन करीत नाहीं. म्हणून तक्रारीचा क्रमांक आपल्या टिपणांतूनच घ्यावा. आलेल्या संदेशांतला घेऊं नये.

तिसरी खिडकी १९३० ची, आणि येथें प्रश्न मिनिटांचा असतो. २०२१ सालीं ही मदतवाहिनी १५५२६० या क्रमांकानें सुरू झाली. पुढें तो बदलून १९३० करण्यांत आला. पैसे गेले कीं दुसरें कांहीं न करतां प्रथम हा क्रमांक लावावा. कारण चोरलेला पैसा एका खात्यांत स्वस्थ बसत नाहीं. तो एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून चौथ्यांत धांवतो, आणि शेवटीं कोठल्या तरी यंत्रांतून रोख होऊन बाहेर पडतो. आपली बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक १९३० वर सांगितला कीं ती खबर पैसा ज्या बँकेंत पोंचला असेल तिकडे धाडली जाते; पैसा अद्याप तेथें असला तर रोखून धरला जातो, नसला तर पुढच्या बँकेकडे खबर जाते. नंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर सविस्तर तक्रार पुरी करावयाची असते.

त्याच वेळीं आपल्या बँकेसही कळवावें आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें घालून दिलेलें तत्त्व असें कीं, ग्राहकाच्या हातून गुप्त आंकडा गेला असला तरी, त्यानें कळविल्यानंतर होणारें पुढील नुकसान बँकेनें सोसावें. अर्थात् चूक आपली असली तरी कळविण्यांत अर्थ आहे.

आपल्या बाजूच्या लोकांना येथें एक शंका हटकून येते. राहावयाचें डोंबिवलीस, नोकरी फोर्टमध्यें, खातें तिसरीकडेच, आणि फोन आला तो दिवा व मुंब्रा यांच्या दरम्यान गाडींत! मग हद्द कोणाची? १९३० ला हद्द नाहीं. गाडींत उभ्याउभ्या तो लावतां येतो. पोलिसांतही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणें, गुन्हा कोणत्याही हद्दींत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यांत देतां येते. म्हणून "तुमची हद्द नाहीं" या उत्तरावर निमूटपणें परत फिरूं नये.

या तिन्ही खिडक्यांच्या वाटेंत एक अडथळा मात्र कोणताही नियम दूर करूं शकत नाहीं. तो म्हणजे लाज. "मी एवढा शिकलेला, बँकेंत तीस वर्षें काढलेला, आणि मी फसावें?" या विचारानें मनुष्य दोन दिवस घरांतही बोलत नाहीं, आणि त्या दोन दिवसांतच पैसा हातचा जातो. पण हा धंदा कसा चालतो तें आपल्याच जिल्ह्यांत एकदां उघडकीस आलें आहे. ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाणें पोलिसांनीं मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेंतील गृहस्थांना "आम्ही करखात्यांतून बोलतों, कर भरा नाहींतर अटक होईल," असें तेथून फोन जात. सातशेंहून अधिक माणसें तेव्हां ताब्यांत घेऊन त्यांची चौकशी झाली आणि सुमारें सत्तर जणांना अटक करण्यांत आली. पगार, पाळ्या, लिहून दिलेले संवाद, सारें एखाद्या कचेरीसारखें होतें. समोर अशी शेंकडों माणसांची कचेरी बसलेली असतां, फसणारा एकटा मनुष्य मूर्ख ठरत नाहीं. त्याच महिन्यांत अमेरिकेच्या न्यायखात्यानें अशाच एका कटाबद्दल ५६ व्यक्ति आणि भारतांतील पांच कॉल सेंटरें यांच्यावरील आरोपपत्र जाहीर केलें, आणि जुलै २०१८ मध्यें २१ जणांना शिक्षा झाल्या. फसलेल्यांनीं तोंड उघडल्यावांचून असे खटले उभे राहत नाहींत.

तेव्हां आज एवढेंच करा. स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यांत तीन ओळी लिहून ठेवा: सतावलें तर १९०९, संशय आला तर चक्षु, पैसे गेले तर १९३०. घरांतील वडील माणसांना त्या मोठ्यानें वाचून दाखवा. आणि त्याबरोबर एक वाक्य तुमच्या तोंडचें जोडा: "कधीं फसलांत, तर आम्हांला त्याच क्षणीं सांगा, कोणी रागावणार नाहीं." हें वाक्य ज्या घरांत आधीं बोललें गेलें असेल, त्या घरचा फोन १९३० ला वेळेवर जाईल.