चांदी घडवणारे हात

जुनी चांदीची वस्तू दिसली की आपण आधी वजन विचारतो. आज आम्ही विचारणार आहोत, ती घडवली कोणी?

अलिबाग-रेवदंड्याकडच्या मैत्रिणींना 'शनिवार तेली' हे नाव ऐकून माहीत असेल. मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, शब्बाथला, ते बंद ठेवायचे. शनिवारी दिवस मावळला की शब्बाथला निरोप देताना ज्यू लोक लवंग-दालचिनीसारख्या मसाल्याचा वास घेतात. युरोपात त्यासाठी चांदीची डबी असे, बहुधा बुरुजाच्या घाटाची. जाळीच्या खिडक्या, वर इवलंसं निशाण. आपल्या कुंकवाच्या कोयरीसारखीच घरातली मानाची वस्तू!

गंमत म्हणजे, जर्मनीतल्या ऑग्सबर्गसारख्या शहरात सोनारांच्या संघात ज्यूंना प्रवेशच नव्हता. म्हणून अशा डब्या, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीवरचे मुकुट, ख्रिस्ती सोनार घडवायचे. चांदीवर शहराची मोहोर, पाइनच्या फळाची, आणि शेजारी कारागिराची.

येमेनमध्ये नेमकं उलटं. तिथे चांदीकाम मुख्यतः ज्यूंच्याच हाती. केसासारखी तार वळायची, तिच्यावर बारीक रवे बसवायचे. मुसलमान नवरीचे दागिनेही तेच घडवत. तरी १६७९ मध्ये इमामाने सना शहरातल्या ज्यूंना मौझा नावाच्या रखरखीत मुलखात हाकललं. कितीतरी माणसं दगावली. साधारण वर्षभराने त्यांना परत बोलावलं, कारण कारागिरांवाचून गावाचं अडलं होतं. पण जुनी घरं मिळाली नाहीत. वस्ती तटाबाहेर करावी लागली. हात हवे होते, शेजार नको होता, असं आम्हाला तरी वाटतं. पुढे १९४९-५० मध्ये येमेनचे हजारो ज्यू विमानांनी इस्रायलला गेले, आणि त्यांच्याबरोबर तिथल्या बाजारातले बहुतेक सोनारही.

तोरा वाचताना अक्षरांना बोट लावत नाहीत. त्यासाठी चांदीची कांडी असते, टोकाला चिमुकला हात, तर्जनी पुढे केलेली. 'याद' म्हणतात तिला, म्हणजे हिब्रूत हातच.

आपल्या गटांच्या गोधड्यांवर, टोपल्यांवर गटाचं नाव असतं. पुढच्या प्रदर्शनापासून चिठ्ठीवर करणारीचं नावही घालायचं आम्ही ठरवलंय. तुमच्या गटातल्या बायांची नावं या महिन्याच्या बैठकीत लिहून आणा. पूर्ण नाव हवं, नुसतं 'अमक्याची आई' नको.