तेजी आली, पण कुणाच्या घरी?

(कामगार तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत एका पोरानं विचारलं, "मालक म्हणतो, सध्या मंदी आहे, कळ काढा. धंदा सावरला की कायम करू. यात खरं किती?" त्याचं उत्तर द्यायला मी उभा आहे. हे उत्तर आपल्याच बापजाद्यांनी गिरणगावात घाम गाळून लिहून ठेवलंय. आपण ते वाचलं नाय, एवढंच.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. इथं कापसाचा भाव पडला, शेतकरी बुडाला. ज्याच्या हातात दमडी नाही तो धोतर-लुगडं कुठून घेणार? त्यात १९३१ च्या अखेरीला जपाननं आपल्या चलनाची किंमत पडू दिली आणि जपानी कापड आणखी स्वस्त झालं. मुंबईच्या कित्येक गिरण्यांना कुलूप लागलं. माझा आजा त्रासन खात्यात होता. कायमचा नव्हे, बदलीवाला. पहाटे दारावर उभं राहायचं, जॉबरनं बोट केलं तर आत, नाय तर माघारी. गावाकडं परतावं तर तिथं महारकीची भाकर.

आता मंदीतून गिरण्या कशा सावरल्या ते ऐका.

पहिली गोष्ट, सरकार मालकांच्या मदतीला धावलं. १९३० साली कापडधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला. परदेशी कापडावरची जकात चढत गेली. १९३३ मध्ये ब्रिटिश सोडून बाकीच्या परदेशी कापडावर ती ७५ टक्क्यांवर नेली. नेम जपानवर होता. पुढं १९३४ मध्ये जपानशी करार करून ती ५० टक्क्यांवर आणली आणि जपाननं किती कापड पाठवायचं तेही ठरवून घेतलं. म्हणजे बाजार मालकांसाठी राखून ठेवला.

दुसरी गोष्ट, याच १९३३-३४ मध्ये त्याच मालकांनी मजुरीला कात्री लावली. महागाईभत्ता छाटला. कापडाला संरक्षण मिळालं, कापड काढणाऱ्याला नाही! एप्रिल १९३४ मध्ये कामगारांनी सार्वत्रिक संप केला. पुढाऱ्यांना पकडलं, संप मोडला. त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली.

तिसरी गोष्ट, माणसं कमी आणि काम जास्त. विणकराच्या हाती पूर्वी दोन माग असत, आता तीन-चार देऊ लागले. त्रासनखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. १९३५ पासून नव्या कायद्यानं दिवस दहाचा नऊ तासांचा झाला. मालकानं त्यावर तोड काढली. यंत्राला झोप कशाला? रात्रपाळ्या वाढल्या. भोंगा रात्रीही वाजू लागला आणि पेढीवाले म्हणाले, धंदा सावरला.

सावरला तो असा. म्हणून सांगतो, मंदीतून धंदा सावरतो तेव्हा आधी यंत्र सावरतं, मग नफा सावरतो. मजुरी सगळ्यात शेवटी, आणि तीही भांडल्याशिवाय नाही. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, चौकशी समिती नेमली गेली. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिनं मजुरी वाढवायला सांगितलं, कमी पगाराला जास्त टक्के. कापल्यानंतर चार वर्षांनी!

आणि आपला माणूस? त्याचा नंबर या शेवटच्याही मागं.

साळखात्यात मजुरी बरी. पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. का? कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यायचं. महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? एकाच मालकाकडून लुबाडले जाणारे दोन मजूर, आणि मधे एक धोटा. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. ही मागणी यादीत नसेल, तर आमचा माणूस तुमच्या संपात कशाला येईल? पुढाऱ्यांनी नाखुशीनं मागणी घेतली. दहा वर्षांनी तेजी आली, तरी धोटा तिथंच होता. तेजीनं जात जात नाही, भावांनो. तेजी जातीच्या पायऱ्या उतरता उतरता वरच्या पायरीवरच संपते.

म्हणूनच फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत, बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकाशीच लढणारा अर्धाच लढतो.

त्याच वर्षी, धंदा सावरलेला असताना, सरकारनं औद्योगिक कलहाचं बिल आणलं. तडजोडीचं गुऱ्हाळ संपल्याशिवाय संप केला तर तुरुंग. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, हे बाबासाहेबांनी विधिमंडळात सुनावलं. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून संपात उतरले. बिल तरीही पास झालं. पण त्या दिवशी धोट्याच्या दोन्ही बाजूंचे मजूर एका मैदानात उभे होते, हे विसरू नका.

आता आपल्या काळाकडं या. २०२० च्या टाळेबंदीनंतर मे महिन्यातच उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात या राज्यांनी कामगार कायदे ढिले करायला हात घातला. कारण काय सांगितलं? धंदा सावरायचाय! सप्टेंबरात संसदेनं औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. कुठल्याही कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी. १९३८ चा वास येतो की नाय?

तर त्या पोरा, तुझं उत्तर हे. मालक "कळ काढ" म्हणाला की त्याला तीन गोष्टी विचार. मंदीत कापलेलं कधी भरून देणार? तेजीत नवी माणसं घेणार की माझ्याच पाठीवर दुसरा माग ठेवणार? आणि झाडू-गटाराच्या कामाला आमचीच पोरं आणि यंत्रावर दुसऱ्याची, हे कुठवर? पण एकट्यानं विचारू नकोस. एकट्यानं विचारलं तर दारावरची बदलीसुद्धा जाईल. आधी खात्यातली दहा पोरं जमव, त्यांत दुसऱ्या जातीची निम्मी असू देत, आणि मग जा.

जयभीम.