जुन्या पिक्-अपचा मूळचा रेडिओ



अमेरिकेंत ‘पिक्-अप’ नांवाची एक मोटार सर्वत्र दिसते. पुढें दोघातिघांना बसण्याची जागा आणि मागें उघडा हौदा, असें तिचें रूप. शेतकरी, सुतार, गवंडी यांचा तिच्यावांचून दिवस जात नाहीं. अशा जुन्या गाडींत कारखान्यानेंच बसविलेला रेडिओ मुका झाला, तर तो दुरुस्त करावा कीं काढून टाकावा, याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे. उदाहरणादाखल १९७३ ते १९८७ या सालांतील शेव्हरोले पिक्-अप घेऊं. तिचा रेडिओ ‘डेल्को’ नांवाचा. जनरल मोटर्सच्या ज्या शाखेनें तो केला, तिचें ठाणें इंडियाना संस्थानांतील कोकोमो या गांवीं होतें.

दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो : नवा घ्या. परंतु जुन्या रेडिओच्या दोन्ही बाजूंस दांडे, त्यांवर गोल बटणें, आणि मध्यें अरुंद तबकडी, अशी ठेवण असते. नवें यंत्र सरळ चौकोनी. तें बसवावयाचें तर बहुधा डॅशबोर्डचें भोंक कापून मोठें करावें लागतें. अशीं कापलेलीं तोंडें घेऊन फिरणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. रेडिओ केव्हांही बदलतां येईल. कापलेली जागा पुन्हां पहिल्यासारखी होत नाहीं. म्हणून करवत उचलण्यापूर्वीं दोष खरोखर रेडिओचाच आहे काय, हें पाहावें. पुष्कळदां तो नसतो.

या गाडीची खरी गंमत तिच्या एरियलमध्यें आहे. बाहेर काठी दिसत नाहीं. केसासारख्या बारीक तारा समोरच्या कांचेच्या पोटांतच घातलेल्या असतात. आतां एखादा खडा उडून कांच तडकते, मालक नवी बसवितो, आणि त्या नव्या कांचेंत तार नसते. त्या दिवसापासून रेडिओ नुसता खरखरतो, आणि खापर मात्र त्या बिचाऱ्याच्या माथीं फुटतें! दुसरी एखादी साधी एरियल आणून यंत्राच्या पाठीमागच्या खांचेंत लावावी. स्टेशनें ऐकूं आलीं, तर रेडिओ निर्दोष. तीच गत स्पीकरची. डॅशबोर्डच्या माथ्यावर वर्षानुवर्षें ऊन खाऊन त्याचा कागद विटतो व फाटतो. फ्यूज आणि गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थची तार, हीं दोन तर आधींच तपासावीं.

एवढें होऊनही यंत्र मुकेंच राहिलें, तर बॅटरीची ऋण तार सोडून तें बाहेर काढावें. येथें दोन पथ्यें आहेत. जुन्या यंत्राला स्पीकर न जोडतां वीज देऊं नये. शेवटचा ट्रान्झिस्टर जळण्याची भीति असते. नंतरच्या कांहीं स्टीरिओ यंत्रांत स्पीकरच्या दोन्ही तारांत वीज खेळते. त्यांतील एकही गाडीच्या पत्र्याला टेकूं देऊं नये. जुन्या संवयीनें एक तार पत्र्याला बांधली, कीं चांगलें यंत्र होरपळलेंच.

पेटी उघडल्यावर पहिला संशय इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरवर घ्यावा. ॲल्युमिनियमच्या लहानशा डबींत ओला कागद गुंडाळलेला असतो. ४०-५० वर्षांच्या उष्णतेनें तो सुकतो. मग आवाज खोल जातो, किंवा एंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकूं येते. नवा कंडेन्सर तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितकेंच किंवा अधिक व्होल्टेज सोसणारा असावा, आणि धन-ऋण टोकांची अदलाबदल होऊं देऊं नये. दुसरा संशय डाखावर. खडबडीत रस्त्यांचे धक्के खाऊन त्याला डोळ्यांस न दिसणारी भेग पडते. यंत्र चालू ठेवून कोरड्या लांकडी काडीनें जागोजाग हलकेंच ठोकावें. आवाज जेथें येतो-जातो, तेथें पुन्हां डाख द्यावा. टेप वाजविणारें यंत्र असेल, तर त्याचा रबरी पट्टा बहुधा चिकट होऊन गेलेला असतो. तो नवाच घालावा लागतो.

एवढी खटपट कशाला, असें कोणी विचारील. मध्यम लहरींवर तेथील शेतकरी आजही हवामान व बाजारभाव ऐकतो. २०२३ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या बहुतेक नव्या गाड्यांतून त्या लहरी वगळण्याचें ठरविलें होतें. विरोध होतांच त्याच वर्षीं तिनें तो बेत सोडला. जुन्या डेल्कोला त्या लहरी अजून उत्तम पकडतां येतात.

मात्र यंत्र परत बसविल्यावर एक काम हमखास राहून जातें. १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादें क्षीण स्टेशन लावावें, आणि एरियलसाठीं दिलेला लहान स्क्रू, आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत, अगदीं हळू फिरवावा.