एकमेकांसाठी थांबा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या आदल्या सायंकाळी डाळज येथे जमलेल्या भाविकांपुढे धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव म्हणजे मागे वळून पाहण्याचा व हिशेब मांडण्याचा प्रसंग होय. बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, कोणत्या वर्षी कोणते काम उभे राहिले, हे सारे चिटणिसांच्या अहवालात आलेच आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आम्हांस आज तुम्हांपुढे एकच प्रश्न ठेवावयाचा आहे, आणि तो प्रथम आम्ही स्वतःस विचारला आहे. इतकी वर्षे आपण प्रभूच्या मेजाशी बसलो, त्याच्या पवित्र शरीराचे सेवन केले; ते अन्न आपल्या अंगी लागले काय?

प्रभू येशूने आपली आठवण मागे ठेवताना सोने निवडले नाही, शिलालेखही निवडला नाही. त्याने जेवण निवडले. जे राजवाड्यात आहे तेच झोपडीत आहे, जे पंडितास कळते तेच लेकरास कळते, असे ते जेवण. म्हणून ख्रिस्तप्रसाद कसा घ्यावा हे शिकण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या घरातील चूल, ताट आणि पंगत हीच आपली पहिली धर्मशाळा आहे. तेथील चार धडे आज आम्ही सांगू इच्छितो.

पहिला धडा भाकरीचा. आपला हा मुलूख मूळचा जोंधळ्याचा. कालवे आले, धरण झाले, ऊस आला. तरी घरातील ताटात भाकरी आहेच. गव्हाच्या कणकेस जो चिकटपणा असतो तो जोंधळ्याच्या पिठास नसतो, हे आपल्या माताभगिनी जाणतात. म्हणून त्यास गरम पाणी लागते, तळहाताचा जोर लागतो, आणि पुष्कळ वेळ मळावे लागते. जी घाई करते तिची भाकरी थापतानाच चिरते. वेदीवरील भाकर गव्हाची व बेखमीर असते. परंतु तीही दाण्यांचे पीठ झाल्यावाचून होत नाही. आद्य ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनेत हेच म्हणत असत की, जसे डोंगरांवर विखुरलेले दाणे एकत्र येऊन एक भाकर झाली, तशी तुझी ख्रिस्तसभा दिगंतांतून एकत्र येवो. तुमच्याकडे डाळजच पाहा. नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन अशी गावे निराळी. पण नाव एक. तद्वत वेदीवरील भाकरी दिसावयास अनेक, परंतु त्यांतील प्रभू एक. मग ती भाकर खाणारे आपण निरनिराळे कसे राहावे? आपल्या स्वभावात जोंधळ्याच्या पिठासारखा कोरडेपणा आहे हे खरे. परंतु त्यास कृपेचे ऊन पाणी मिळाले आणि एकमेकांचे थोडे सोसण्याचा जोर लागला, तर आपलीही भाकरी होईल.

दुसरा धडा हात धुण्याचा. शेतातून आलेला मनुष्य कितीही भुकेला असला तरी चिखलाच्या हातांनी ताटावर बसत नाही. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले की, वेदीजवळ दान आणले असता आपल्या भावाच्या मनात आपणाविषयी काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा, मग येऊन दान द्यावे. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रभूने, तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असे म्हटले नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे म्हटले आहे. म्हणजे चूक कोणाची याचा निवाडा होईपर्यंत थांबू नका. पाऊल तुम्हीच उचला.

आपल्या भागातील चिखल बहुधा बांधाचा असतो. दरसाल नांगराचे एक तास पुढे सरकते, बांध थोडा कोरला जातो, आणि दहा वर्षांनी दोन सख्खे भाऊ कोर्टाच्या पायरीवर उभे असतात. नाहीतर पाण्याची पाळी चुकते, रात्री कोणी मोटार चालू करतो, आणि चुलत्याचे व पुतण्याचे बोलणे तुटते. मग रविवारी दोघेही मिस्साला येतात. एक डाव्या बाजूस बसतो, दुसरा उजव्या बाजूस. शांतीची खूण देताना मान दुसरीकडे फिरते, आणि पाठोपाठ दोघेही ख्रिस्तप्रसादासाठी रांगेत उभे राहतात. आम्ही ‘ख्रिस्ताचे शरीर’ असे म्हणतो आणि दोघेही ‘आमेन’ म्हणतात. बंधूंनो, तो ‘आमेन’ कशाला? जे शरीर तुम्ही जिभेवर घेता, त्याच शरीराचा एक अवयव चार हातांवर पाठ फिरवून बसला आहे. प्रायश्चित्त संस्काराचा दरवाजा उघडा आहे, तो आम्ही कधी बंद केलेला नाही. परंतु धर्मगुरूपुढे गुडघे टेकण्याचे धैर्य आले म्हणजे भावाच्या उंबऱ्यावर जाण्याचेही आले पाहिजे.

तिसरा धडा भुकेचा. आपल्यातील वयोवृद्धांस आठवत असेल की, पूर्वी ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा असल्यास मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही वर्ज्य असे. पोप बारावे पायस यांनी १९५३ साली पाण्याची मुभा दिली, १९५७ साली अन्नाचा उपवास तीन तासांचा केला. आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषद भरली आणि हेच पोप महाशय भारतभूमीवर आले. ख्रिस्तसभेने तास कमी केले ते आपल्या सोयीसाठी, भूक कमी व्हावी म्हणून नव्हे. लग्नाला निघालेला पाहुणा वाटेत पोटभर खाऊन मांडवात आला तर यजमानास काय वाटेल? शनिवारची रात्र जागून, भांडून किंवा पिऊन काढलेली, आणि सकाळी मन तृप्त, सुस्त व जड. असा मनुष्य प्रभूकडे काय मागणार?

याच्या उलट आपल्यात असेही पुष्कळ आहेत की ज्यांस भूक आहे, पण जे वर्षानुवर्षे दूर राहतात. ‘फादर, आम्ही कसले त्या लायकीचे?’ असे ते म्हणतात. त्यांस आम्ही सांगतो की, लायक कोणीच नाही. रोमी शताधिपतीने प्रभूपुढे जी नम्रता दाखविली, तीच आपण प्रत्येक मिस्सात ख्रिस्तप्रसादापूर्वी व्यक्त करतो, आणि मग पुढे जातो. एके काळी श्रद्धावंत वर्षातून एकदाच भीत भीत हा प्रसाद घेत. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली तो वारंवार, शक्य तर प्रतिदिनी घ्यावा असे शिकविले, आणि १९१० साली सात वर्षांच्या सुमाराच्या समजत्या मुलांसही तो द्यावा असे फर्माविले. आई लेकराला बक्षीस म्हणून जेवू घालीत नाही. त्यास बळ यावे म्हणून घालते. थोर पाप असेल तर आधी क्षमा मागा. पण अशक्तपणा हे जेवण टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता चौथा धडा, आणि आमच्या मनात आज जे मुख्यत्वे आहे ते हेच. तो पंगतीचा. पंगतीचा नियम काय? पाने मांडली, वाढणे झाले, तरी सर्व बसेपर्यंत कोणी घास उचलीत नाही. करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळी हा नियम विसरली होती. सुखवस्तू लोक लवकर येत, आपापले आणलेले खाऊन पिऊन घेत. आणि दिवसभर राबून उशिरा येणारे दास व मजूर उपाशी राहत. प्रेषित संत पौलाने त्यांस कठोर शब्दांत लिहिले की, असे जेवण प्रभूचे जेवणच नव्हे; आणि शेवटी साधा उपाय सांगितला की, जेवावयास जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

हे वाचून आपण करिंथकरांस दोष द्यावा काय? पंगतीबाहेर बसविले जाणे म्हणजे काय हे आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी आपल्या जिवावर सोसले आहे. पाणीही त्यांस वरून ओंजळीत ओतलेले घ्यावे लागे. याच पुणे जिल्ह्यात जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला, ती केवढी क्रांती ठरली! १९२७ साली महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा एका घोटासाठी केवढा संघर्ष झाला! ज्यांच्या पूर्वजांस एक घोट नाकारला गेला, त्यांस प्रभूने आपल्या मेजाशी बसविले. असे असता आपणच जर अमक्या वस्तीचे, तमक्या सोयऱ्यांचे, हे जुने ख्रिस्ती आणि ते नवे, असे पाट मांडू लागलो, तर आपण त्या मेजाचा अपमान करतो. ख्रिस्ती लोकांत जातिभेदाचा लेशही ख्रिस्ती जीवनाच्या विरुद्ध आहे, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००३ साली तामिळनाडूतील महागुरुस्वामींस स्पष्टपणे बजावले होते. ते शब्द भीमाकाठीही तितकेच लागू आहेत.

हा धडा आम्हांस कसा मिळाला हे सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी ते सांगताना लाज वाटते. काही वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या हंगामात, थंडीच्या दिवसांत, याच भागातील एका वस्तीवर अंगणात आम्ही मिस्सा करीत होतो. ख्रिस्तप्रसाद वाटून झाला, पात्र झाकले, आणि इतक्यात एक जोडपे आले. कडेवर मूल, अंगावर उसाचे पाचट तसेच. आम्हांस पुढील गावी जावयाचे होते. आम्ही म्हणालो, ‘मिस्सा संपली, पुढच्या वेळी वेळेवर या.’ ती दोघे काही बोलली नाहीत. हात जोडून थोडा वेळ उभी राहिली आणि निघाली.

गाडीत बसता बसता एका आजींनी आम्हांस अडविले. त्या म्हणाल्या, ‘फादर, त्यांच्या फडावर रात्री दोनला गाडी लागली होती. उजाडेपर्यंत भरत होते, अन् तसेच चालत आले. घरात भाकरी उरली नसती तरी आम्ही माणसाला बसा म्हटलं असतं. तुमच्या डब्यात तर होती.’

बंधुभगिनींनो, सेमिनरीत आम्ही कित्येक वर्षे ईशज्ञान शिकलो. परंतु इतके नेमके प्रवचन आम्हांस कोणी केले नव्हते. योग्य कारण असता मिस्साबाहेरही ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा ख्रिस्तसभेने दिली आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, थांबण्याची तयारी नव्हती. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या कोपीवर गेलो, तो टोळी दुसऱ्या फडावर गेलेली. ती दोघे आम्हांस पुन्हा भेटली नाहीत. त्या दिवसापासून हंगामात मिस्सा आरंभ करण्यापूर्वी आम्ही विचारतो, ‘कोण यावयाचे राहिले आहे?’ तुमच्यापैकी काहींस तो प्रश्न नित्याचा वाटत असेल. आमचे ते प्रायश्चित्त आहे.

आता शेवटचे. जेवण अंगी लागले की नाही हे ताटावर कळत नाही. दुसऱ्या दिवशी शेतात कळते. प्रभूने भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडली आणि वाटली. मोडल्यावाचून वाटता येत नाही. हे तुम्हांस आम्ही काय सांगावे? १९८० च्या सुमारास उजनीचे धरण पुरे झाले, तेव्हा भीमेकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. ज्या वर्षी पाणी फार ओसरते त्या वर्षी पळसदेवाचे जुने मंदिर उघडे पडते आणि वडीलधाऱ्यांचे डोळे भरून येतात. काहींचे घर मोडले म्हणून दूरच्यांच्या शेतास पाणी मिळाले. ते दुःख लादलेले होते, त्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु दुसऱ्याच्या भाकरीमागे कोणाचे तरी मोडणे असते, हे ज्यांस कळले आहे त्यांनी ख्रिस्तप्रसाद घेताना आपणहून थोडे मोडावयास शिकावे.

म्हणून या महोत्सवाचे दान म्हणून आम्ही तुम्हांपाशी तीनच गोष्टी मागतो. पुढच्या रविवारपूर्वी एका तुटलेल्या माणसाच्या उंबऱ्यावर जा. ज्या आजाऱ्यास ख्रिस्तप्रसाद घरी हवा आहे त्याचे नाव आम्हांस कळवा, आणि आम्ही येऊ तेव्हा शेजारी म्हणून तुम्हीही तेथे गुडघे टेका. आणि दिवाळीनंतर कोयत्याची माणसे येतील, तेव्हा त्यांच्यातील ख्रिस्ती कुटुंबे शोधून काढा, मिस्साची वेळ त्यांस सांगा, व मागे नव्हे तर आपल्या शेजारी त्यांस बसावयास जागा द्या. एवढे झाले तर महोत्सवाचा हिशेब जुळला असे आम्ही समजू.

हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी थांबतोस. आम्ही उशिरा आलो तरी पात्र झाकून घेत नाहीस. तुझ्या मेजाशी बसणाऱ्या आम्हांस एकमेकांसाठी थांबण्याचे मन दे. आणि जे दोघे त्या सकाळी रिकाम्या हातांनी परत गेले, ते जेथे असतील तेथे त्यांस तू स्वतः जेवू घाल. आमेन.