एका मातेने दुसरीस सांगावयाच्या गोष्टी

(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षात भरलेल्या मातांच्या मेळाव्यात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव म्हटला की पूर्वजांचे स्मरण होते. आपल्या पुणे शहरी श्रीमंत सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली कॅथॉलिक शिपायांच्या व अंमलदारांच्या उपासनेकरिता जागा दिली, तेथे देवमंदिर उभे राहिले, आणि पुढे १८८६ साली पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, हे तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. मंदिरे कोणी बांधली, घंटा कोणी दिली, हे पुस्तकांत लिहिलेले सापडते. परंतु त्या मंदिरांत जी लेकरे स्नानसंस्काराकरिता आणली गेली, ती जगविली कोणी, ती रात्र-रात्र मांडीवर घेऊन कोण बसले, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते काम मातांनी केले. म्हणून या शुभप्रसंगी मातांच्या त्या अलिखित विद्येविषयी चार शब्द बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

धर्मगुरूने चूल आणि पाळणा यांविषयी बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. संसाराचा अनुभव आम्हांस नाही, हे उघडच आहे. परंतु ज्याच्याकडे सुखदुःख सांगावयास सर्व घरांतील माणसे येतात, त्यास एका घरातील शहाणपण दुसऱ्या घरी पोहोचविण्याचे काम तरी करता येते. आज आम्ही तेवढेच करणार आहो. आणि जेथे प्रश्न देहाच्या आरोग्याचा आहे, तेथे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेलेच तेवढे सांगू.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे कोठकोठून आली आहेत, ते पाहा. कोणी नगर जिल्ह्यातील राहुरी, संगमनेर, शेवगाव या बाजूंची, कोणी वसईची, कोणी गोव्याची. गावी मुलगी बाळंत झाली की आई, आजी, मावशी, शेजारची म्हातारी अशा चार बायका तिच्याभोवती असत. शहरात एका खोलीत किंवा चौथ्या मजल्यावरील लहानशा घरात ती तरुण माता दिवसभर एकटी असते; नवरा कामावर, सासू गावी, आणि मांडीवर रडणारे मूल. सल्ला विचारावा तर कोणास? अशा वेळी ती भिऊन चुकीचे काही करते, अथवा मनातल्या मनात कुढत राहते. आमच्या मते आजच्या धर्मग्रामापुढील हा फार मोठा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्याच हाती आहे.

पवित्र मरियेस देवदूताचा निरोप मिळाल्यावर ती काय करती झाली? संत लूक सांगतो की, ती त्वरेने डोंगराळ प्रदेशातील आपल्या नातलग एलिझाबेथेकडे गेली व सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहिली. एक वयस्क, एक तरुण, दोघीही गर्भवती. त्या तीन महिन्यांत केवळ स्तोत्रेच म्हटली गेली असतील काय? पाणी भरणे, दळणे, रांधणे आणि येणाऱ्या लेकरांची तयारी, हेही त्या घरात झालेच असणार. संत पौलही तीताला लिहिताना, वयोवृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांस संसाराचे शिक्षण द्यावे, असे बजावतो. तेव्हा एका मातेने दुसरीस शिकविणे हे ख्रिस्ती धर्माच्या आरंभापासून चालत आलेले सेवाकार्य आहे.

आता प्रत्यक्ष गोष्टींकडे वळू.

पहिली गोष्ट नवजात बालकाची. प्रसूतीनंतर प्रथम येणारे जे पिवळसर, घट्ट दूध, ज्यास आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकून देण्याची चाल कित्येक घरांत होती व कोठे कोठे ती अद्याप उरली आहे. भगिनींनो, हे दूध टाकणे म्हणजे देवाने बाळाकरिता पाठविलेले पहिले औषध मातीत ओतणे होय. रोगांशी झुंजण्याचे सामर्थ्य त्यात असते. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळास छातीशी घ्यावे. पुढे सहा महिनेपर्यंत आईच्या दुधावाचून त्यास अन्य काही देऊ नये. वरचे पाणी नको, घुटी नको, मध नको. मध तर वर्षाच्या आतील मुलास कधीच चाटवू नये. त्यातून क्वचित् भयंकर विषबाधा होते. नाळेवर हळद, राख, तेल काही न लावता ती कोरडी ठेवावी. कानात व नाकात तेल घालू नये, डोळ्यांत काजळ घालू नये. वजनास कमी असलेले मूल आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवावे; त्या उबेने ते तगते.

सहा महिने पूर्ण झाल्यावर दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे. मऊ वरणभातावर थोडे तूप, नाचणीची खीर, शिजवून कुस्करलेला बटाटा किंवा केळे, काही दिवसांनी शिजविलेले अंडे. डाळीचे नुसते वरचे पाणी पाजून मूल वाढत नाही. डाळ आत गेली पाहिजे. लसींचे पत्रक मात्र देव्हाऱ्याजवळ किंवा बायबलमध्ये जपून ठेवावे. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसी आणि नववा महिना पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची लस चुकवू नये. ताप येतो म्हणून लस टाळणे हा खोटा लोभ आहे.

दुसरी गोष्ट जुलाबाची. पावसाळ्यात हा शत्रू आपल्या वस्तीत हमखास शिरतो. मुलास जुलाब लागले की त्याचे खाणेपिणे बंद करावे, अशी समजूत पुष्कळांची आहे. ती घातक आहे. कारण मूल बहुधा जुलाबाने नव्हे, तर अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने दगावते. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धकाळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती. शिरेतून देण्याचे औषधी पाणी पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ व साखर यांचे पाणी करून ते आयांच्या व नातलगांच्या हाती दिले, आणि घोट घोट पाजावयास सांगितले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मातेच्या हातातील वाटी-चमच्याने जे केले, ते मोठ्या यंत्रसामग्रीने झाले नसते.

म्हणून प्रत्येकीने हे पाठ करावे: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अधिक पडता कामा नये. दवाखान्यात तयार पुडी मिळते, ती अधिक चांगली. ती घरात दोन-चार असाव्यात. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास पाव ते अर्धा कप, मोठ्यास अर्धा ते एक कप पाजावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुनः चमच्याचमच्याने द्यावे. चोवीस तासांनी उरलेले पाणी टाकून नवे करावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस देतात, त्या डॉक्टरांकडून घ्याव्यात. परंतु मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही घेईना, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व इस्पितळ गाठावे.

पाण्याविषयीच बोलतो आहो, तर आणखी एक. शहरात नळ ठराविक वेळी येतो, म्हणून घरोघरी पिंपे भरून ठेवावी लागतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. यास्तव आठवड्यातील एक दिवस सर्व पिंपे रिकामी करून, आतून घासून, कोरडी करावीत. शनिवारी हे काम उरकले, तर रविवारी मिस्सेस येण्यास कोणास अडचण राहणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सर्वांचे दुर्लक्ष होते. ती म्हणजे मातेचा स्वतःचा देह. आपल्या घरांत आई शेवटी जेवते व उरलेले खाते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. आपल्या पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने जवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचे बारकाईने अध्ययन केले होते. त्यात असे दिसले की, ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर घेत, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. मेथी, पालक, राजगिरा, शेवगा या काही राजवाड्यातील वस्तू नव्हेत. मंडईत रोज मिळतात. लोहाच्या गोळ्या मिळतात त्या घ्याव्यात, पण चहाबरोबर घेऊ नयेत. चहा त्यांचा गुण मारतो. लिंबाने तो वाढतो.

येथे धर्मगुरू या नात्याने एक गोष्ट स्पष्ट सांगतो. राखेच्या बुधवारी व उत्तम शुक्रवारी धर्मसभा उपवास सांगते, तो निरोगी प्रौढांकरिता. गर्भवती स्त्रीने व अंगावर पाजणाऱ्या मातेने उपाशी राहावे, असे धर्मसभा मागत नाही. काहीजणी भीतीने उपाशी राहतात, असे आमच्या कानी येते. त्यांनी निःशंक मनाने जेवावे. तुमचा प्रायश्चित्तकाळ तुमच्या जागरणात आहे, आणि तो प्रभूस पोहोचतो.

बाळ येशूच्या संत तेरेजेची माता झेली मार्टिन ही फ्रान्समधील आलांसाँ येथे जाळीच्या किनारीचा व्यवसाय करी. तिच्या नऊ लेकरांपैकी चार बालपणीच वारली. १८७३ साली तान्ही तेरेजा मरणोन्मुख झाली, तेव्हा झेली पहाटे पायी चालत सेमाले गावी गेली आणि रोझ ताये नावाच्या शेतकरी बाईस घेऊन आली. रोझच्या दुधावर ते मूल वाचले व सुमारे वर्षभर तिच्याच घरी वाढले. एका मातेने दुसरीचे दार ठोठावले म्हणून जगास एक महान संत लाभली. मात्र त्याच झेलीच्या चरित्रात एक दुःखाची गोष्टही आहे. तिच्या स्तनात गाठ असल्याचे तिने १८६५ सालीच ओळखले होते. संसार, धंदा, लेकरांची आजारपणे यांत वर्षे गेली, आणि १८७६ च्या अखेरीस तिने ती पुनः डॉक्टरांस दाखविली तेव्हा उपायाची वेळ टळली होती. १८७७ च्या ऑगस्टमध्ये ती वारली. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. झेली व तिचे पती लुई यांस धर्मसभेने २०१५ साली संतपद दिले. त्या काळी उपचार तोकडे होते. आज तसे नाही. दुखत नाही म्हणून गाठ लपवू नका. आईने स्वतःची काळजी घेणे हा स्वार्थ नव्हे. ती लेकरांचीच ठेव आहे.

देहाप्रमाणे मनाचेही आहे. बाळंतपणानंतर काही माता सारख्या रडतात, त्यांस झोप लागत नाही, बाळाविषयी माया वाटेनाशी होते. हे पाप नव्हे, भूतबाधा नव्हे. हा आजार आहे व तो औषधोपचाराने बरा होतो. तिला प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही न्यावे. तद्वत् जिच्यावर घरात हात उगारला जातो, तिला ‘सोस, बाईचा जन्मच असा’ असा सल्ला कोणीही देऊ नये. असा सल्ला ख्रिस्ताचा नव्हे. महिलांकरिता १८१ हा क्रमांक आहे, २००५ चा कायदा आहे, आणि आमच्या निवासाचे दार आहे.

चौथी गोष्ट पैशाची. ती थोडक्यात सांगतो. रोजचा खर्च वहीत लिहावा. पगार हाती येताच भाडे, धान्य, शाळा, औषध व शिल्लक असे वेगळे भाग करावेत. शिल्लक शेवटी उरेल म्हणू नये, ती आधी काढावी. स्नानसंस्काराच्या मेजवानीकरिता व्याजाने पैसे काढू नयेत. संस्कारास पाणी लागते, मंडप लागत नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाचे पांढरे पोशाख एकदाच घातले जातात. ते धुऊन, इस्त्री करून दुसऱ्या घरी द्यावेत. ज्या घरी ते जातील, त्या घराची अब्रू राखून द्यावेत, म्हणजे झाले.

पाचवी गोष्ट प्रार्थनेची. लहान मुलास संपूर्ण जपमाळेचा कंटाळा येतो, म्हणून त्यास रागे भरू नये. त्याच्याकडून एक रहस्य म्हणवून घ्यावे. उरलेले मोठ्यांनी म्हणावे. निजताना त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करावी. त्या वेळी घरातील दूरदर्शन व हातातील दूरध्वनी दोन्ही बंद असावेत, आणि बाप घरी असेल तर तोही शेजारी असावा. आईने शिकविलेली व बापाने म्हटलेली प्रार्थना मूल विसरत नाही.

आता शेवटचे मागणे. महोत्सवाची आठवण म्हणून संगमरवरी पाटी बसेल, ती बसो. परंतु त्याहून टिकाऊ अशी एक आठवण आम्ही तुमच्याकडे मागतो. प्रत्येक गल्लीतील दोन अनुभवी मातांनी असा नेम धरावा की, आपल्या गल्लीत कोणीही बाळंत झाली, मग ती आपल्या धर्माची असो वा नसो, तर पहिल्या आठवड्यात तिच्या घरी जावयाचे. रिकाम्या हाताने नव्हे, तर डबाभर गरम जेवण घेऊन. घटकाभर बाळ आपल्याकडे घेऊन तिला झोपू द्यावे. तिने विचारलेले सांगावे, न विचारलेले बेताने सांगावे, आणि जे आपणांस ठाऊक नाही त्याकरिता तिला दवाखान्यात सोबत करावी. वयस्क मातांनी आपले जुने ज्ञान द्यावे; तरुणींनी नवे शिकून त्यांस सांगावे. एलिझाबेथ आणि मरिया, दोघींनी एकमेकींस दिले व एकमेकींकडून घेतले.

पवित्र माता मरिया व संत अन्ना तुमच्या घरांवर व लेकरांवर छत्र धरोत, आणि प्रभू येशूचा आशीर्वाद तुम्हां सर्वांवर सदैव राहो. आमेन.